चेकिंगचा पट्टा

पट्टा थांबला आणि समोरची भिंत डावीकडे चालायला लागली.

कारखान्यातला माझा तो पहिला दिवस. सकाळी आठपासून मी डावीकडून उजवीकडे जाणाऱ्या बाटल्या बघत बसले होते. साडेदहाला चहाची घंटा झाली, कुणीतरी बटण दाबलं, मी मान वर केली, तर भिंत, भिंतीवरचं घड्याळ, त्याखालची खिडकी, सगळं सावकाश उलट्या बाजूला सरकत होतं. मी टेबलाची कड घट्ट धरली. आमच्या गावच्या एका काकूंना असंच चक्कर येण्याचं निमित्त झालं आणि पुढे त्यांचे डोळे गेले होते. तेच आपल्याला झालं, असं मला वाटलं.

शेजारच्या स्टुलावरची बाई माझ्याकडे न बघताच म्हणाली, "भिंत चालायलीय ना? चालू दे. डोळे मीट अन् शंभर मोज. थांबते ती."

साठापर्यंत मोजलं असेन. डोळे उघडले तेव्हा भिंत जागच्या जागी होती.

ही गोष्ट मुलुंडची, बाबांची गिरणी बंद पडली त्यानंतरच्या वर्षाची. मी एकोणीस वर्षांची होते. अकरावीपाशी शिक्षण थांबलं होतं आणि भांडुपच्या टेकडीवरच्या आमच्या खोलीतून रोज चालत मी त्या इंजेक्शनच्या कारखान्यात जायला लागले होते. औषध भरून, झाकण बसवून झालेल्या बारक्या काचेच्या बाटल्या आमच्या खोलीत यायच्या. आधी एक चाक त्यांना गरकन फिरवायचं, म्हणजे तळाशी बसलेलं काही असेल तर ते औषधात वर उठायचं. मग बाटल्या एका प्रखर ट्यूबलाइटच्या समोरून पट्ट्यावर सरकत जायच्या. मागे अर्धा पडदा काळा, अर्धा पांढरा. काळ्यापुढे काचेचा कण चमकायचा, पांढऱ्यापुढे केस किंवा धागा दिसायचा. अशी बाटली दिसली की उचलून लाल ट्रेमध्ये टाकायची. एका पट्ट्यावर दोघी जणी, एकीच्या पुढे दुसरी. आमच्या पुढे फक्त खोका.

क्वालिटीच्या मॅडम पहिल्याच दिवशी माझ्यासमोर एक बाटली धरून म्हणाल्या होत्या, "हे कुणाच्या तरी शिरेत जाणार आहे. आत काय आहे ते बघणारी तू शेवटची. नर्सला एवढा वेळ नसतो."

त्या बाटलीत तांदळाच्या कणीहूनही बारीक काच होती. उजेडात ती एकदा लुकलुकली आणि दिसेनाशी झाली.

पहिले आठ-दहा दिवस माझी पार वाट लागली होती. खराब बाटली मला दिसायची, पण हात जाईपर्यंत ती पुढे गेलेली असायची आणि माझ्या बोटात तिच्या मागची चांगली बाटली यायची. घाई केली की दोन-तीन आडव्या पडायच्या. एक फुटली तेव्हा सुपरवायझर काचेच्या भिंतीपलीकडून नुसते बघत राहिले. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

शेजारची ती बाई, मावशीच म्हणायचे सगळे तिला, जालन्याकडची होती. चाळिशी ओलांडलेली, नवरा वारलेला, दोन मुली शाळेत. कारखान्याच्या दारात तिला रोज दोघं-तिघं 'जय भीम' करायचे आणि तीही मान लववून उलट करायची, मग आत येऊन पदर खोचून स्टुलावर बसायची ती चहापर्यंत हलायची नाही. नऊ वर्षं ती त्याच पट्ट्यावर होती.

"तू हाताकडं बघतीस," तिने मला एकदा जेवणाच्या सुट्टीत सांगितलं.

"मग हात कुठे जातोय ते नको बघायला?"

"नको. हाताला कळतं. तू बाटलीला डोळा लाव अन् तिच्यासंगं चालत जा."

तिने डब्यातून भाजलेले शेंगदाणे काढले आणि बाकड्याच्या एका टोकाकडून एकेक माझ्या दिशेने घरंगळत सोडले. मी पहिले चारही चुकवले. शेंगदाणा वेडावाकडा जायचा, माझी नजर घाबरून हाताकडे पळायची, परत शेंगदाण्याकडे यायची, तोवर तो खाली पडलेला असायचा. "अगं, दोघांकडं कशाला बघतीस? एकालाच धर." पाचव्याला मी हात मांडीवर आहे हे विसरून नुसती बघत राहिले. नजर त्याच्याबरोबर घसरत आली, आणि मग कशी कोण जाणे, त्याच्या थोडी पुढे जाऊन थांबली. बाकड्याच्या कडेशी, जिथे तो यायचा होता तिथे. माझा हातही तिथेच होता. शेंगदाणा आपणहून मुठीत आल्यासारखा आला.

"बघ," मावशी म्हणाली. "डोळा आधी पोचतो. हात त्याच्या मागनं येतो."

त्यानंतर मला काम जमायला लागलं. एका बाटलीवर नजर ठेवायची, पट्ट्याच्या वेगाने तिच्याबरोबर वीतभर जायचं, ती चांगली निघाली की नजर झटकन मागे आणून पुढची धरायची. दिवसभर हेच. सरकायचं आणि उडी मारायची. बरोबर सरकताना बाटली डोळ्यांपुढे स्थिर उभी असल्यासारखी दिसायची आणि आतला कण आपोआप उठून दिसायचा.

पण जमायला लागलं तशी एक वेगळीच भीती लागली. नजर मागे उडी मारते तेवढ्या वेळात आपल्याला काहीच दिसत नाही, हे माझ्या लक्षात आलं. डोळे उघडे असतात, पण त्या उडीत दिसत नाही. खूप वर्षांनी एका डोळ्यांच्या डॉक्टरांना मी हे विचारलं तेव्हा ते म्हणाले, बरोबर आहे, सगळ्यांचंच तसं असतं, फक्त कुणाला कळत नाही. मला मात्र एकोणिसाव्या वर्षीच कळलं होतं आणि त्याचा मी धसका घेतला होता. दिवसाला हजारो उड्या. तेवढ्यात काय काय निघून जात असेल?

मी मावशीला विचारलं. ती हसली. "म्हणून तर दोघी बसवल्यात. तुझी उडी पडते तवा माझा डोळा बाटलीवर असतो. माझी पडते तवा तुझा."

त्या उत्तरावर मी पुढचे कितीतरी महिने निर्धास्त काढले.

सुरुवातीला मी पहिल्या स्टुलावर आणि मावशी माझ्या पुढे, खोक्याच्या बाजूला, असायची. उन्हाळ्यात ती म्हणाली, "आता तू शेवटी बस. हात चांगला बसलाय तुझा." नऊ वर्षांच्या बाईने आपल्याला शेवटची जागा दिली याचा मला केवढा अभिमान वाटला. घरी जाऊन आईला सांगितलं. आईला त्यातलं काही कळलं नाही. "बरा झाला गो," म्हणाली.

मग गणपतीनंतरचा तो मंगळवार. दुपारचे तीन-सव्वातीन झाले असतील. पंखा आमच्या खोलीत चालत नसे, धूळ उडेल म्हणून, त्यामुळे मान घामाने ओली व्हायची. एक बाटली पुढे आली आणि तिच्यात काहीतरी लखकन चमकलं. माझी नजर तिच्याबरोबर निघाली, हात उठला, आणि त्याच क्षणी भुवईवरून घामाचा थेंब डोळ्यात उतरला. मी पापणी मिटली. उघडली तेव्हा बोटांत बाटली होती. ती उजेडापुढे धरली. स्वच्छ होती. पाण्यासारखी स्वच्छ.

म्हणजे ती मागची होती. चमकलेली खोक्यात गेली होती.

मी ओरडायला हवं होतं. पट्टा थांबवायचं लाल बटण माझ्या गुडघ्याजवळच होतं. पण पट्टा थांबवला की सुपरवायझर यायचे, चारही पट्ट्यांवरच्या बायका वळून बघायच्या, खोका उलटा करायचा. आणि मला खात्री नव्हती. कदाचित नुसता बुडबुडा असेल. मी हा विचार करत होते तोवर आणखी वीस-पंचवीस बाटल्या खोक्यात गेल्या, खोका भरला, पलीकडच्या माणसाने चिकटपट्टी लावून तो उचलला. शेजारी मावशी बाटल्यांकडेच बघत होती.

संध्याकाळी घरी आले तर बाबा तापाने फणफणलेले. आई म्हणाली, "डॉक्टरकडे घेवन जा." टेकडी उतरून मी त्यांना खालच्या दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी तपासून इंजेक्शन लिहिलं. कंपाउंडरने बाबांना बाकावर बसवलं, बाही वर केली, कपाटातून एक बारकी बाटली काढली आणि तिच्या झाकणात सुई खुपसायला घेतली.

"थांबा!"

माझा आवाज एवढा मोठा निघाला की बाहेर बसलेले पेशंट आत डोकावले. मी त्याच्या हातातून बाटली ओढूनच घेतली, गोल फिरवली आणि ट्यूबलाइटसमोर धरली. आतलं औषध अजून गरगरत होतं आणि मला काही नीट दिसत नव्हतं.

"अगं ए, काय करतेस?" कंपाउंडर चिडला. "पेशंट कोण आहे, तू की हे?"

"एक मिनिट द्या हो. एकच मिनिट."

मी ती तीनदा फिरवली. औषध आमच्या कारखान्याचं नव्हतंच, बाटलीवरचं लेबल वेगळं होतं, आणि आत काही नव्हतं. मी ती परत दिली. सुई बाबांच्या दंडात गेली तेव्हा मी भिंतीकडे तोंड केलं. परतताना बाबा म्हणाले, "काय झाला गो तुका?" मी म्हटलं, काही नाही. पण मला कळून चुकलं होतं की असंच कुणाच्या तरी बापाला बाकावर बसवतील, आणि तिथे 'थांबा' म्हणायला कुणी नसेल.

दुसऱ्या दिवशी पट्टा सुरू व्हायच्या आधी मी मावशीला सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती म्हणेल, चल, आत्ताच्या आत्ता साहेबांकडे जाऊ.

"बोलू नको," ती म्हणाली.

"मावशी, काच होती गं आत."

"हळू बोल. तू बघितली नीट? नाही ना? मग बुडबुडा असंल."

"आणि नसेल तर? खोके अजून गोडाउनमध्येच आहेत. आज उघडले तर सापडेल."

"म्हणूनच म्हणते बोलू नको." तिने माझं मनगट धरलं. "खोके उघडले की तुझी एक सापडंल. माझ्या किती सापडतील, ठावं हाय का तुला?"

मला काही उमगेना.

तेव्हा तिने सांगितलं. उन्हाळ्याच्या आधीपासून तिच्या दोन्ही डोळ्यांपुढे धूर यायला लागला होता. घरात फारसं जाणवायचं नाही, पण त्या ट्यूबलाइटसमोर सगळा उजेड पसरायचा. "बाटली येताना दिसती. तिच्यासंगं डोळा चालवायला गेले की तिचा नुसता धूर होतो. मग मी अंदाजानं एखादी उचलते. ट्रे अगदीच रिकामा दिसू नये म्हणून." आणि मग, माझ्याकडे न बघता, "तू शेवटी बसतीस म्हणून भरवसा होता. तुझा डोळा चांगला हाय. तू धरशील म्हणलं."

मी स्टुलावर बसले. इतके महिने माझी उडी पडायची तेव्हा बाटलीवर कुणाचाच डोळा नव्हता. मार्चपासून सप्टेंबरपर्यंत त्या पट्ट्यावर एकच माणूस बघत होतं आणि ते माणूस मी होते, आणि मी मात्र निर्धास्त होते.

"डॉक्टरला का नाही दाखवलंस?"

"दाखवलं की कागद होतो. कागद साहेबाकडं जातो. पोरींची शाळा कशी करू गं मग?"

घंटा झाली. पट्टा सुरू झाला. मी बाटल्या बघू लागले, पण नजर कशावर ठरेना. प्रत्येक बाटलीत चमक दिसायला लागली. मी चांगल्या बाटल्या उचलून उचलून लाल ट्रे भरून टाकला. अर्ध्या तासात ट्रेमधल्या बाटल्या पट्ट्यावर ओघळल्या. मी गुडघ्याजवळचं बटण दाबलं.

सुपरवायझर आले. मी उभी राहिले आणि म्हणाले, "काल दुपारी माझ्याकडून एक खराब बाटली गेली. काच होती. मी तेव्हा सांगितलं नाही." फक्त माझंच सांगितलं. मावशीबद्दल बोलायला माझी जीभ वळली नाही, आणि ते बरोबर केलं की चूक, हे मला आजही ठरवता आलेलं नाही.

आदल्या दिवशीचे सगळे खोके गोडाउनमधून परत आले. क्वालिटीच्या मॅडमनी बाकीचे तिन्ही पट्टे त्याच कामाला लावले. सहा जणी, म्हणजे बारा डोळे, त्या दिवशी आमच्या एका पट्ट्याचा माल पुन्हा बघत होत्या. मला आणि मावशीला बाजूच्या बाकावर बसवलं होतं. कुणाचा हात उठला की मी मान उंच करून बघायचे. दुपारी दोनच्या सुमारास माझी बाटली सापडली. काचच होती, लांबट, नखाच्या कोरीसारखी. तिची ती चमक मी ओळखली. त्यानंतर आणखी एक सापडली. मग आणखी. संध्याकाळपर्यंत सात बाटल्या मॅडमच्या टेबलावर ओळीने उभ्या होत्या.

"एका दिवसात सात?" सुपरवायझर माझ्याकडे बघत म्हणाले. "दोघी बसता ना तुम्ही? शेवटी कोण असतं?"

"मी," मी म्हटलं.

तेवढ्यात मावशी उठली. पदर नीट केला आणि टेबलापाशी जाऊन उभी राहिली. "पोरीचा दोष न्हाई, साहेब. ती एकटीच बघत होती. मला दिसत न्हाई."

मॅडमनी पेन उचललं. "कधीपासून?"

"उन्हाळ्याच्या आधीपासनं."

मॅडमनी ते लिहून घेतलं आणि बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिल्या. त्या काय मोजत होत्या ते मला कळलं. मार्च, एप्रिल, मे. ते खोके आता गोडाउनमध्ये नव्हते. पुढच्या आठवड्यात ऑफिसातून दुकानदारांना पत्रं गेली असं ऐकलं, काही माल परत आलाही. बाकीच्याचं काय झालं हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. त्या महिन्यांतल्या बाटल्या मी अनेक वर्षं मनातल्या मनात पुन्हा पुन्हा उजेडासमोर धरल्या.

मावशीला काढून टाकलं नाही. त्यात मॅडमचा हात होता असं बायका म्हणायच्या. कंपनीच्या डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला, एवढ्या कमी वयात कसा म्हणून त्यांनाही नवल वाटलं. म्युनिसिपालिटीच्या हॉस्पिटलात एका डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि दोन महिन्यांनी ती परत कामावर आली ती खोक्यांच्या खात्यात, पुठ्ठे घडी घालायला. तिला भिंगासारखा जाड चष्मा लागला होता. त्यातून तिचे डोळे केवढाले दिसायचे. तिला जगही तसंच दिसायचं म्हणे, मोठं आणि जवळ आलेलं. पहिल्या दिवशी चहाचा कप घ्यायला तिने हात पुढे केला तर तो कपाच्या अलीकडेच मिटला. तिने पुन्हा केला, पुन्हा अलीकडेच. आम्ही सगळ्या दुसरीकडे बघत राहिलो.

तिने माझ्यावर राग धरला असेल याची मला भीती होती, म्हणून मी तिच्यासमोर जायचं टाळत होते. पण सुटी झाल्यावर ती दारात माझी वाट बघत उभी होती.

"रस्ता ओलांडून दे," ती म्हणाली. "सकाळी शेजारीण होती. आता एकटीला न्हाई जमायचं."

आग्रा रोडवर त्या वेळी ट्रकची रांग लागायची. आम्ही कडेला उभ्या राहिलो. तिने माझा दंड पकडला होता. एक ट्रक भांडुपच्या बाजूने येत होता, अजून खूप लांब, पण मावशी दचकून दोन पावलं मागे सरली आणि मलाही मागे ओढलं.

"अंगावर आला की गं!"

"लांब आहे मावशी. त्या वडापाशी आहे अजून."

"मला तर इथं दिसतोय." तिने समोर हात करून दाखवला. नऊ वर्षं सरकत्या बाटल्या उचललेला हात. "कोणता कधी येईल, काई कळंना झालंय. तू सांग."

मग मी बघू लागले. ट्रक गेला, त्यामागे टेम्पो, त्यामागे बस. बसच्या पुढच्या चाकावर मी नजर ठेवली, तिच्याबरोबर आणली, ती गेल्यावर नजर मागे वळवून पुढची गाडी धरली. वळतानाचं ते आंधळं निमिष आता माझ्या एकटीचं होतं आणि दंडाला तिचं सगळं वजन होतं. तीनदा मोकळी जागा मिळाली आणि तीनदा माझा धीर झाला नाही. ती नुसती माझ्या श्वासाकडे कान लावून उभी होती.

"आता," मी म्हटलं, आणि आम्ही दोघी एकदम पाऊल उचललं.